बेथलेहेमचा धाकटा पुत्र

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी आज दिवे उजळले असतील आणि बेथलेहेमच्या गोठ्याचे देखावे मांडले गेले असतील. ज्या गावी येशू ख्रिस्तांचा जन्म झाला असे त्यांचे शास्त्र सांगते, त्याच गावची, त्याहून सुमारे एक हजार वर्षे जुनी अशी एक कथा बायबलच्या जुन्या करारात आहे. आजच्या सणाच्या निमित्ताने ती आम्ही आमच्या भाविक वाचकांपुढे ठेवू इच्छितो. कारण तीत विचारलेला प्रश्न एका धर्मापुरता नाही, ज्या घरात देव्हारा आहे त्या प्रत्येक घराचा तो आहे. जुन्या करारातील कथा मराठीला परक्याही नाहीत. गोव्यात राहून मराठी आत्मसात करणाऱ्या फादर स्टीफन्स यांनी त्या ओवीबद्ध करून आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त गुंफल्या, आणि तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला.

कथा अशी. इस्राएलचा पहिला राजा शौल हा देखणा व सर्वांहून उंच होता. परंतु तो ईश्वराच्या आज्ञेस उतरला नाही. तेव्हा नव्या राजाला अभिषेक करण्यासाठी शमुवेल हा वृद्ध संदेष्टा बेथलेहेमास इशाय नामक गृहस्थाकडे गेला. थोरला पुत्र अलियाब समोर येताच त्याचे रूप व उंची पाहून शमुवेलाच्या मनाने निर्णय दिला की, हाच तो. पण ईश्वराने त्याला थांबविले. मनुष्य डोळ्यांना दिसेल तेवढेच पाहतो, ईश्वर अंतःकरण पाहतो, असा त्या वाणीचा आशय होता. एकामागून एक सात पुत्र समोरून गेले, एकही निवडला गेला नाही. आणखी कोणी आहे का, असे विचारल्यावर बापाला आठवण झाली की, धाकटा रानात मेंढरे राखीत आहे. तो येईपर्यंत आपण बसायचे नाही, असे शमुवेलाने सांगितले. तो धाकटा म्हणजेच पुढे राजा झालेला दावीद.

या कथेचे तात्पर्य बहुधा सोईस्करपणे काढले जाते. ‘देव भावाचा भुकेला’ हे वचन आपल्याकडेही ज्याच्या त्याच्या तोंडी असते. आणि पूजेचा आळस झाला, व्रत मोडले किंवा देवळाची वाट सुटली की ते हमखास आठवते. मन शुद्ध असले म्हणजे झाले, आचार कशाला, असा त्याचा अर्थ लावला जातो. आमच्या मते ही कथा असे काहीच सांगत नाही. शमुवेल बेथलेहेमास गेला तो यज्ञविधीसाठीच, आणि त्या विधीला कोठेही दोष दिलेला नाही. दावीद आला तेव्हा तोही तेजस्वी व सुंदर नेत्रांचा होता, असे कथाकार आवर्जून सांगतो. म्हणजे रूप हाही अपराध नव्हे. ईश्वराने थांबविले ते एका सत्पुरुषाला, आणि तेही धर्मकार्य चालू असताना. दोष होता तो पाहणाऱ्याच्या घाईत. हे वचन आपल्या आळसाला सवलत देण्यासाठी नसून, दुसऱ्याविषयी निवाडा करणाऱ्या आपल्या दृष्टीला आवर घालण्यासाठी आहे.

निवडलेले अंतःकरण निष्कलंक होते असेही नाही. पुढे याच दावीदाने उरीया नावाच्या आपल्या सैनिकाची पत्नी हरण केली आणि त्याला रणात मरणाच्या तोंडी दिले. नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगून राजाच्या पदरी त्याचे पाप घातले, तेव्हा सिंहासनावर बसलेल्या त्या पुरुषाने सबब सांगितली नाही. आपण पाप केले हे कबूल केले. देव ज्या अंतःकरणाकडे पाहतो ते अशा पश्चात्तापाला समर्थ असलेले अंतःकरण होय.

येशू ख्रिस्तांच्या चरित्रात हाच धागा पुढे चालू आहे. यरुशलेमच्या मंदिरात धनवान लोक दानपेटीत मोठमोठ्या रकमा टाकीत असता एका दरिद्री विधवेने दोन क्षुल्लक नाणी टाकली. तिने आपली सारी उपजीविकाच दिली म्हणून तिचे दान सर्वांहून मोठे, असे येशूंनी शिष्यांना सांगितले. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी फरश्यांनी ज्यांच्या भिंती भरल्या आहेत, अशा आपल्या देवालयांतून जाताना या विधवेचे स्मरण होणे हितकर आहे.

महाराष्ट्राने या कसोटीचा अनुभव घेतलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्तस्वकीय दुरावले. पण त्यांचे नाव तेच राहिले, अभंगाचा छंद तोच राहिला, आणि आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने, असे ते मानीत. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी जातिभेद टाकला तो बाप्तिस्म्याच्या आधी, स्वतः विचार करून. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी तो प्रवास कसलाही आव न आणता सांगितला आहे.

मात्र हा धडा ख्रिस्ती समाजही सर्वत्र शिकला असे म्हणवत नाही. गोव्यात चर्चशी संलग्न धर्मबंधुसंघांतून जातीच्या भिंती दीर्घकाळ उभ्या होत्या. आणि आपण? संत चोखामेळ्याची समाधी पंढरपुरी महाद्वारासमोर आहे. ज्याची भक्ती अवघ्या संतमंडळाने वंदिली, त्याला दारातच थांबावे लागले. आणि त्याच्या समाजबांधवांना ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. अंतःकरण पाहणारा देव आत आणि रूप, कूळ पाहणारे आपण दारात, असा हा शतकानुशतकांचा देखावा होता.

तो संपला, असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या सणाकडे एकदा पाहावे. हळदीकुंकवाच्या दिवशी घरातीलच एखादी विधवा स्वयंपाकघरात का राहते? धुणेभांडी करणाऱ्या बाईचा प्रसाद उंबऱ्याबाहेर का दिला जातो, तिचा कप निराळा का? आपली भक्ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. इशायही वाईट बाप नव्हता. त्याला धाकट्याची आठवण झाली नाही, एवढेच. पण ज्याची आठवण झाली नाही, तोच देवाने निवडलेला होता.

आचार पाळावा, पूजा करावी, दिवे लावावेत. परंतु आपल्या अंगणाबाहेर कोणी राहिले आहे का, हे आधी विचारावे. आणि ते माणूस आत येईपर्यंत पंगतीस बसू नये.