रिपोर्ट नॉर्मल आहे, मी नाही

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडवर माझी स्कूटर घसरली. हेल्मेट होतं. रक्त आलं नाही, शुद्धही हरपली नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. "दोनेक आठवड्यांत बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. आज सात महिने झाले. अजूनही कुकरची शिट्टी झाली की मी कान दाबून बाल्कनीत पळते. आई मिक्सर लावायच्या आधी मला हाक मारते.

याला पोस्ट-कन्कशन सिंड्रोम म्हणतात. डोकं दुखतं, गरगरतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत जातो, काहींचा महिनोन्महिने राहतो. मी त्या काहींमधली.

माझं भांडण आजाराशी नाही, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग?" या वाक्याशी आहे. सीटी स्कॅन मुख्यतः कवटी फुटली आहे का, आत रक्तस्राव आहे का, हे बघायला काढतात. मेंदूचं काम बिघडलंय का, हे त्यात दिसत नाही. भिंतीचा फोटो काढून आतलं वायरिंग ठीक आहे असं कोण म्हणेल? हेल्मेटने माझी कवटी वाचवली, तुम्हीही घालाच. पण आतला मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच.

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी आलेल्या चहलने तीन विकेट काढल्या आणि लगेच वाद पेटला: जडेजाला खरंच लागलं होतं का? अख्ख्या जगाने तो चेंडू टीव्हीवर पाहिला होता, तरी शंका. मग माझं स्कूटरवरून पडणं कोणी पाहिलंय?

आमचे मॅनेजर भला माणूस. तरी म्हणाले, "काल तर छान हसत होतीस." हो, हसले. त्याची वसुली म्हणून आज पडदे ओढून पडले आहे.

"असं सगळ्यांचं ऐकत बसलो तर उद्या कोणीही डोकं दुखतंय म्हणेल," हाही युक्तिवाद ऐकला. म्हणेल एखादा. त्याच्यापायी एक अर्धा दिवस बुडेल. पण विश्वास बसणार नाही या भीतीने आम्ही त्रास लपवतो, रेटून काम करतो आणि आठवडाभर आडवे होतो. हा हिशोब कोण मांडणार?

शिवाय आता डॉक्टरही महिनाभर अंधारात झोपून राहा असं सांगत नाहीत. पहिले एक-दोन दिवस आराम, मग झेपेल तसं हळूहळू कामाला लागायचं. म्हणजे अर्धा दिवस ऑफिस, मीटिंगऐवजी दोन ओळींचा मेल, खिडकीजवळची शांत जागा, हाच माझा उपचार आहे. त्याला उपकार म्हणू नका. गणपतीत सोसायटीसमोरच्या डीजेचा आवाज कमी करा म्हटलं, तेव्हाही "एवढी नाजूक?" ऐकलं. नाजूक नाही, जखमी आहे.

हा लेख मी ब्राइटनेस अगदी कमी करून, दहा-दहा मिनिटं बसून, नऊ दिवसांत लिहिला. तुमच्या ओळखीतलं कोणी डोक्याला मार लागल्यावर "अजून गरगरतंय" म्हणालं, तर रिपोर्ट मागू नका. आधी ट्यूबलाइट बंद करा. मग हळू आवाजात विचारा, "काय करू?"