एकदा सिझेरियन, म्हणून पुन्हा सिझेरियनच?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के बाळे सिझेरियनने जन्माला आली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. या तफावतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेल्या लाखो स्त्रियांच्या दुसऱ्या बाळंतपणाचे काय, हा प्रश्न धोरणकर्त्यांच्या चर्चेत क्वचितच येतो.

‘एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन’ हे सूत्र न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये मांडले. तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेतला जाई आणि पुढच्या प्रसूतीत तो फाटण्याची भीती मोठी असे. क्रॅगिन यांचा इशारा मुळात पहिली शस्त्रक्रिया विचारपूर्वक करा, असा होता. पुढे छेद खालच्या भागावर आडवा घेतला जाऊ लागला. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, असा एकच छेद असलेल्या स्त्रीने नियोजनपूर्वक प्रयत्न केल्यास ७२ ते ७५ टक्के वेळा प्रसूती योनीमार्गे होते. जुना व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एक इतका असतो. धोका लहान आहे, पण ओढवला तर माता आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. उलट, प्रत्येक नव्या सिझेरियनगणिक वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची आणि जीवघेण्या रक्तस्रावाची शक्यता वाढत जाते. म्हणजे जोखीम दोन्ही वाटांवर आहे. प्रश्न तिची माहिती कोणाला मिळते आणि निवड कोण करते, हा आहे.

मी दिल्लीत मुनिरक्याला राहतो. राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था याच परिसरात आहे. देशभरातील आरोग्य अधिकारी तिथे प्रशिक्षणाला येतात. सफदरजंग आणि एम्स ही मोठी रुग्णालये काही किलोमीटरवर आहेत. त्याच मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांत बिहारपासून मणिपूरपर्यंतची कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशाच एका खोलीतील तरुणीचे पहिले सिझेरियन तिच्या गावाजवळ झाले होते. तिच्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रिया झाल्याची एक ओळ होती; छेद कोणता, कारण काय, याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या खेपेला तिने नैसर्गिक प्रसूतीबद्दल विचारले, तेव्हा येथील एका रुग्णालयाने नकार दिला. डॉक्टरांचा निर्णय अवाजवी नव्हता. छेद उभा असण्याची शंका असताना कळा येऊ देणे हा जुगार ठरला असता. एका कागदावर न लिहिलेल्या दोन ओळींमुळे तिची निवड पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच संपली होती.

या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांवर आगपाखड करून मिळणार नाही. अशा प्रसूतीला बाळाच्या ठोक्यांवर सतत देखरेख लागते. तत्काळ शस्त्रक्रिया करू शकणारा चमू, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असावे लागते. अनेक जिल्ह्यांत भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध नसतो. तिथे एकटा पडलेला प्रसूतितज्ज्ञ ठरवून केलेल्या सिझेरियनचा आधार घेणारच. खासगी क्षेत्रात खटल्याची भीती आणि वेळापत्रकाची सोय यांचीही भर पडते.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती मोफत केली. प्रसूतिकक्षांच्या दर्जासाठी २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ उपक्रम आला, तर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्याच सुमारास मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे, यासाठी ऑनलाइन मोहीम चालवली आणि तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी तिला पाठिंबा दिला. मागणी रास्तच होती. परंतु एकूण प्रमाण कळल्याने कोणाचे सिझेरियन टाळता आले असते, हे कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेले रॉब्सन वर्गीकरण प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचे दहा गट करते. दिवस पूर्ण भरलेल्या, एकच आणि डोके खाली असलेले बाळ पोटात असलेल्या, आधी सिझेरियन झालेल्या स्त्रिया पाचव्या गटात येतात. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने या गटातील किती जणींना पर्याय समजावला, किती जणींनी प्रयत्न केला आणि परिणाम काय झाला, हे दरवर्षी प्रसिद्ध करावे. प्रत्येक सिझेरियननंतर छेदाचा प्रकार आणि कारण डिस्चार्ज कार्डावर, मातेला समजेल अशा भाषेत लिहिणे बंधनकारक व्हावे. आणि चोवीस तास शस्त्रक्रियेची सोय असलेली प्रसूतिकेंद्रे प्रत्येक जिल्ह्यात निश्चित करून या स्त्रियांना वेळेत तिथे पाठवावे.

काही जणी सारे समजून घेऊन पुन्हा सिझेरियनच निवडतील. तो त्यांचा अधिकार आहे आणि कोणत्याही लक्ष्यांकासाठी त्यांना कळा सोसायला लावणे अन्यायाचे होईल. मात्र आज बहुतेकींपुढे निवडीचा प्रश्नच येत नाही. कार्डावरच्या दोन ओळींना खर्च जवळपास शून्य आहे. आरोग्य मंत्रालयाने निदान तेवढ्यापासून तरी सुरुवात करावी.