उन्हातलं घर घेण्याआधी

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या ओपीडीत एक जोडपं आलं. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वय ६४. पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि तीन वर्षांपूर्वी बसवलेला एक स्टेंट. स्टेंट आमच्याच सरकारी रुग्णालयात बसवला होता, म्हणून तपासणीला ते इथेच येतात. या वेळी केसपेपरबरोबर हातात एक गुळगुळीत, रंगीत माहितीपुस्तिका होती. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचा अल्गार्व हा किनारा, पांढऱ्या भिंतींची घरं, निळा समुद्र आणि वर मोठ्या अक्षरांत ‘वर्षातले ३०० दिवस ऊन’. मुलगा लिस्बनला नोकरीला. इथला फ्लॅट विकून तिथे दोन खोल्यांचं घर घ्यायचं, असा बेत.

“डॉक्टर, फिटनेस सर्टिफिकेट तेवढं द्या. बाकी सगळं ठरलंय,” ते म्हणाले.

सर्टिफिकेट देता आलं असतं. रक्तदाब आटोक्यात होता, साखर बरी होती, छातीत दुखत नव्हतं. पण बाजूला बसलेल्या काकू एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना विचारलं, “तुमचं काय म्हणणं?” त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला गाडी चालवता येत नाही. तिथली भाषा येत नाही. रात्री ह्यांना काही झालं, तर मी हाक कुणाला मारू?”

घर घेणं हा आपण पैशाचा व्यवहार समजतो. वकील, बँक, कर सल्लागार यांना विचारतो. साठीनंतर मात्र तो आधी तब्येतीचा व्यवहार असतो आणि त्या बाजूने फार कमी लोक हिशेब करतात. घर ६४ वर्षांचा माणूस विकत घेतो, पण त्यात राहायचं असतं ७९ वर्षांच्या माणसाला. त्यातही बायको वयाने लहान असते आणि बायका जास्त जगतात. म्हणजे त्या घरात शेवटी एकटी कोण राहणार, हे बहुतेक वेळा आधीच सांगता येतं.

त्या गृहस्थांच्या कारणांत तथ्य नव्हतं असं नाही. हवा स्वच्छ, फुटपाथ चालण्याजोगे, लिस्बनहून रेल्वेने तीन तासांच्या आसपासचा प्रवास. मुंबईच्या हिवाळ्यातला धुरकट खोकला ज्यांनी अनुभवलाय, त्यांना या गोष्टींचं मोल कळेल. प्रश्न फक्त उन्हाचा होता. ऊन विकत घ्यायला आपल्याकडे ते कमी आहे का? इतकं ऊन असूनही आपल्या लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास सापडते, कारण आपण उन्हात जातच नाही. पोर्तुगालला जाऊनही दार लावून टीव्हीसमोर बसलं, तर रक्ताच्या रिपोर्टात फरक पडणार नाही.

“उन्हाची आम्हाला सवय आहे,” असं आपण छातीठोकपणे म्हणतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि काही आठवडे थंडाव्यात काढले की ती मोडते. वय वाढलं की तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहात लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे पाणी कमी होतंय हे लक्षातही येत नाही. अल्गार्वच्या किनाऱ्यावर समुद्राच्या वाऱ्यामुळे पारा विदर्भासारखा चढत नाही, हे खरं. पण आतल्या भागात चढतो, आणि दक्षिण युरोपातला उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांच्या आसपास जादा मृत्यू झाले. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेने ६० हजारांहून अधिक माणसं गेल्याचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य म्हातारी माणसं होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच अल्गार्वमधल्या मोंशिकच्या डोंगरात लागलेला वणवा आठवडाभर धुमसत होता आणि गावं रिकामी करावी लागली होती.

गंमत म्हणजे उन्हाच्या या देशात थंडीही माणसं मारते. १९८८ ते १९९७ या काळातल्या आकडेवारीवरून युरोपातल्या १४ देशांची तुलना झाली होती. हिवाळ्यात होणाऱ्या जादा मृत्यूंचं प्रमाण त्यात पोर्तुगालमध्ये सर्वाधिक निघालं, गारठलेल्या फिनलंडपेक्षाही जास्त. कारण साधं आहे. थंड देशांत घरं ऊब धरून ठेवतील अशी बांधतात. दक्षिणेतली जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. दगडी फरशी, पातळ काचा, घर तापवायची सोय नाही, भिंतींना ओल. बाहेर कोवळं ऊन आणि घरात स्वेटर घालून बसायची पाळी. दमेकऱ्याला आणि हृदयरुग्णाला हे घर मानवत नाही. घर एप्रिलमध्ये बघून पसंत करणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

पुस्तिकेतलं घर टेकडीच्या उतारावर होतं, दारापर्यंत २२ पायऱ्या. फोटोत त्या फार सुंदर दिसत होत्या. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला त्या चढून दाखवायला सांगा. न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी, बाथटबचा उंच काठ, लिफ्ट नसणं या गोष्टी वॉर्डात आम्ही रोज बघतो, फक्त त्यांचं नाव तिथे ‘फ्रॅक्चर’ असं लिहिलेलं असतं.

आता अंतराचा हिशेब. पक्षाघात झाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हृदयविकाराच्या झटक्यात तर एकेक मिनिट मोलाचं. अल्गार्वची मोठी सरकारी रुग्णालयं फारो आणि पोर्तिमाओ या दोन शहरांत आहेत. आपलं घर तिथून किती लांब? उन्हाळ्यात पर्यटकांनी रस्ते भरलेले असताना किती वेळ लागेल? युरोपात ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक चालतो, ही चांगली सोय आहे. पण फोनवर पत्ता आणि लक्षणं घाबरलेल्या आवाजात परक्या भाषेत सांगायची आहेत.

भाषेचा मुद्दा मी उगाच ताणतोय असं वाटेल. काही वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात मंत्रालयातले एक निवृत्त अधिकारी होते. आयुष्यभर फायलींवर उत्तम इंग्रजी लिहिलेलं. स्मृतिभ्रंश वाढला तसं आधी इंग्रजी गेलं, मग हिंदी, मग प्रमाण मराठीही गेली. शेवटी ते फक्त मालवणीत बोलत. त्यांना पाणी हवंय की लघवीला जायचंय, हे सावंतवाडीकडच्या एका सिस्टरना तेवढं कळायचं. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी पुसल्या जातात. फारोच्या वॉर्डात मालवणी कुणाला समजणार?

औषधांचंही तसंच. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशा तीन औषधांची एकच गोळी सर्रास दिली जाते. युरोपात व्होग्लिबोज वापरातच नाही. तिथल्या औषध दुकानात आपल्या गोळीचं ब्रँडनेम सांगून उपयोग नसतो, चिठ्ठीशिवाय बरंच काही मिळत नाही. म्हणून जाण्याआधी मूळ औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेला कागद, स्टेंटचं कार्ड, जुने ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत हवंच. आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर आणखी जपावं. ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रीगाबालिन यांसारख्या आपल्याकडे सहज लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात. आधी परवानगी न घेता त्या बॅगेत सापडल्या तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

खर्च कोण करणार? अल्गार्वमध्ये आणि स्पेनच्या किनाऱ्यावर हजारो ब्रिटिश पेन्शनर सुखाने राहताना दिसतात, त्यांच्याकडे बघून आपण भुलतो. त्यांच्या उपचारांचा खर्च त्यांचं सरकार तिथल्या सरकारला देतं, तसा दोन्हीकडचा करार आहे. आपला तसा करार नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड भारतातल्या रुग्णालयांतच चालतं. आपल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसीही देशाबाहेर पैसे देत नाहीत. प्रवास विमा हा प्रवासाचा असतो, राहण्याचा नव्हे, आणि आधीपासून असलेल्या आजारांना तो बहुधा वगळतो. कायदेशीर निवासी झालात तर पोर्तुगालच्या सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवता येतं, आणि ती सेवा चांगली आहे. पण तिथेही लाखो लोकांना अजून फॅमिली डॉक्टर नेमून मिळालेला नाही. सरकारी रांग तिथेही असते.

शिवाय घर घेतलं म्हणून राहायचा हक्क मिळत नाही. घरखरेदीच्या बदल्यात निवास परवाना देणारी ‘गोल्डन व्हिसा’ची वाट पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केली, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. पेन्शनचं उत्पन्न दाखवून निवासी व्हिसा मागता येतो, पण तो वेगळा अर्ज आणि त्याच्या वेगळ्या अटी. परवाना नसेल तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, घर स्वतःच्या नावावर असलं तरी. ब्रेक्झिटनंतर नव्याने जाणाऱ्या ब्रिटिशांनाही हाच नियम लागला. नियम बदलतात, घर मात्र जागचं हलत नाही.

कुणी म्हणेल, ही मूठभर सुखवस्तू लोकांची दुखणी, सरकारी डॉक्टरने त्यावर कशाला लिहावं? नोकरीच्या सुरुवातीला मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होतो. मुंबईत चाळीस वर्षं काढून, प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून गावी टुमदार घर बांधलेले किती तरी चाकरमानी तिथे भेटले. त्यांतल्या एकाला रात्री छातीत दुखायला लागलं. वाडीतून रस्त्यापर्यंत पाखाडी उतरून त्याला खुर्चीत बसवून आणलं. आमच्यापर्यंत पोहोचायला तीन तास गेले होते. तो वाचला नाही. देश वेगळा, समुद्र वेगळा, हिशेब तोच.

म्हणून त्या गृहस्थांना मी सर्टिफिकेट दिलं, पण घरखरेदीसाठी नाही, तीन महिने भाड्याने राहून येण्यासाठी. तेही पर्यटनाच्या मोसमात नको, डिसेंबर-जानेवारीत जा म्हटलं. जमलं तर पुढे कधी तरी ऑगस्टही काढा. आणि काकूंना वेगळं काम दिलं. एकटीने औषधाच्या दुकानात जा. एकटीने बसने दवाखान्यापर्यंत जाऊन या आणि घड्याळ लावून वेळ लिहा. शेजारच्या दोन घरांत ओळख होते का बघा. तिथल्या डॉक्टरांना आपली फाइल दाखवा. बँकेचं खातं, विम्याचे कागद, मृत्युपत्र यांतलं काय कुठे आहे, हे दोघांना सारखंच माहीत हवं. आपल्यापैकी एक गेल्यावर दुसऱ्याने कुठे राहायचं, आणि अंत्यसंस्कार तिथे करायचे की इथे आणायचं, हेही एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. यातलं शेवटचं वाक्य ऐकून गृहस्थ थोडे रागावले. काकू मात्र पहिल्यांदाच हसल्या.

मार्चमध्ये दोघं परत आले. काकूंनी वहीत सगळं टिपून आणलं होतं: दवाखाना चालत २५ मिनिटं, परतताना चढ, रविवारी बस नाही, औषधवाला इंग्रजी बोलतो आणि भला माणूस आहे, घरात रात्री इतका गारठा की सांधे धरतात. गृहस्थांना सकाळचं समुद्रकाठचं फिरणं अजून आठवतं. वजन चार किलो उतरलं होतं, साखरही सुधारली होती. तेही मी केसपेपरवर नोंदवलं. त्यांचा फायदा झाला होताच.

घर त्यांनी घेतलं नाही. पण त्याचं कारण ना माझा सल्ला, ना काकूंची वही. फेब्रुवारीत मुलाला नेदरलँड्समध्ये नोकरी मिळाली आणि तो तिकडे गेला. घर घेतलं असतं, तर लिस्बनला कुणी नाही आणि नवी मुंबईतही घर नाही, अशी त्यांची स्थिती झाली असती.

परदेशात म्हातारपण काढूच नये, असं मी म्हणणार नाही. काही जणांना ते मानवतं. ज्यांना विचार करायचाय त्यांनी घराच्या किमतीआधी एक प्रश्न घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावा, तोही उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून: रात्री दोन वाजता मला काही झालं, तर तू हाक कुणाला मारशील? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर पुढचं बोलावं.