उतारावरचें ओझें

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण आंखलें. गाडीमागें फिरतें घर जोडून सहकुटुंब आलापल्ली, एटापल्ली, भामरागडचें अरण्य पाहावें, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. अशा मंडळींचा पहिला प्रश्न असतो, डिझेलची पिकअप किती वजन ओढील? आम्हांस खरी काळजी वाटते ती उताराची.

उतारावर मागचें वजन गाडीस पुढें लोटूं लागतें. पाय सारखा दाबून धरल्यास ब्रेक तापतात, व तापलेले ब्रेक ऐन वेळीं धरीत नाहींत. शिवाय पेट्रोल-इंजिनाप्रमाणें हवा कोंडणारी झडप साध्या डिझेल-इंजिनांत नसते. त्यामुळें नुसता पाय उचलल्यानें गाडी म्हणावी तशी आवरत नाहीं. खालचा गिअर माथ्यावरच टाकावा, आणि जोडगाडीस तिचे स्वतंत्र ब्रेक असल्यावांचून घाटांत शिरूं नये. सामान लावतांना जड जिन्नस तिच्या आंसाच्या किंचित पुढें ठेवावे. धान्याचीं पोतीं आणि लोणच्याच्या बरण्या अगदीं मागच्या टोकास रचण्याची आमच्या घरांतील जुनी रीत येथें घातक आहे. मागें भार झाला कीं जोडगाडी शेपटीसारखी हेलकावे खाते.

याच मुलखांत पूर्वीं सागाचे ओंडके हत्तींकडून ओढवीत. कमलापूरचे हत्ती अजून पाहावयास मिळतात. एटापल्लीच्या वाटेवर मात्र आतां सूरजागडचें लोहखनिज नेणारे अवजड ट्रक भेटतात. अरुंद जागीं त्यांस आधीं जाऊं द्यावें, आणि मुलांना जोडगाडींत न बसवितां पुढच्या गाडींतच बसवावें.