ओएलईडी की मिनी एलईडी? आधी घरात काय चालतं ते बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे महागड्या ओएलईडीचा मोह वाढलाय. पण एवढे पैसे घालताना स्क्रीन किती टिकेल, हेही बघा.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरंच काळा दिसतो. पण हे पिक्सेल वापराने झिजतात. चॅनलचा लोगो किंवा बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली, तर तिथे कायमची पुसट सावली उरते. हेच बर्न-इन. जुन्या अमोलेड फोनवर कीबोर्डची अशी सावली पाहिली असेल.

मिनी एलईडीत प्रकाश मागच्या दिव्यांचा, म्हणून ही भीती जवळपास नाही. मात्र अंधाऱ्या दृश्यात उजळ वस्तूंभोवती थोडं वलय दिसतं.

मग घ्यायचा कुठला? दिवसभर बातम्या चालत असतील तर मिनी एलईडी. रात्री सिनेमे, सिरीज बघत असाल तर ओएलईडी. फक्त टीव्ही रिमोटने बंद करा, लगेच भिंतीवरचं बटण दाबू नका. पिक्सेलची झीज सावरण्याचं काम तो स्टँडबायमध्येच करतो. आणि वॉरंटीत बर्न-इन धरलंय का, ते बिल करण्याआधी वाचा.