दामोदरची दारे कोणाच्या हाती?

सप्टेंबर २०२४ मध्ये दामोदर नदीच्या खालच्या खोऱ्यात महापूर आला आणि त्याच्या मागोमाग भांडणाचाही पूर आला. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी हा पूर मानवनिर्मित असल्याचा आरोप केला. झारखंडची सीमा मालमोटारींना काही काळ बंद झाली. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनच्या मंडळातून आणि धरणांचे पाणी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्या समितीतून राज्याने आपले प्रतिनिधी काढून घेतले. समितीत तुमचेही अधिकारी होतेच, असे केंद्राने सुनावले. या वादात हावडा-हुगळीचा शेतमजूर मात्र कमरेएवढ्या पाण्यातच उभा राहिला. कृष्णेच्या पुराच्या वेळी अलमट्टीवरून चालणारी वादावादी ज्यांनी ऐकली आहे, त्या सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

परंतु दामोदरची गोष्ट वेगळी आहे. कारण नदी ही प्रांतांची नसून एक अखंड खोरे आहे, हा विचार स्वतंत्र भारताने प्रथम येथेच कायद्यात आणला. १९४३ च्या पुरात रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड वाहून गेला व कलकत्त्याचा देशाशी असलेला संपर्क तुटला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेतील टेनेसी नदीवरील धरणांच्या साखळीचा आदर्श त्यांनी पुढे ठेवला. त्या वेळी केंद्रातील श्रम खात्याकडेच पाटबंधारे व वीज हे विषय होते आणि खात्याची सूत्रे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती होती. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात बंगाल व बिहार या प्रांतांना त्यांनी एका टेबलाशी बसवले. त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा झाला. मजुरांचे खाते आणि नदीचे खाते एकाच मंत्र्याकडे होते, हा योगायोग आपण विसरता कामा नये.

बराकर नदीवर तिलैया (१९५३) व मैथन (१९५७), कोनार नदीवर कोनार (१९५५) आणि खुद्द दामोदरवर पंचेत (१९५९) अशी चार धरणे उभी राहिली. तिलैयाचे पाणी मैथनला येते, कोनारचे पंचेतला. आणि मैथन-पंचेतचे पाणी एकत्र होऊन दुर्गापूरच्या बंधाऱ्याकडे जाते. याच पाण्यावर दुर्गापूरचे पोलाद, औष्णिक वीज केंद्रे, कोळसापट्ट्यातील नळ आणि वर्धमान-हुगळीची भातशेती चालते.

खरा पेच येथेच आहे. पूर अडवायचा तर पावसाळ्यात तलावांत जागा रिकामी हवी. शेतीला, कारखान्यांना आणि जलविद्युतला मात्र तलाव भरलेले हवेत. प्रत्येकजण आपल्या वाट्याचे पाणी मागतो. रिकामी जागा मागणारा कोणी नसतो. मग सप्टेंबरअखेरीस जोराचा पाऊस झाला की भरलेल्या तलावांची दारे उघडण्यावाचून उपाय उरत नाही.

त्यात मूळ योजनाच अर्धवट राहिली. आठ धरणांनी दहा लाख क्युसेकचा पूर अडीच लाखांवर आणण्याचा तो आराखडा होता. कॉर्पोरेशनने धरणे बांधली चार. पुढे बिहारने तेनुघाट धरण बांधले, पण ते या साखळीच्या नियंत्रणाबाहेर ठेवले. मैथन-पंचेत पूर्ण उंचीपर्यंत भरण्याइतकी जमीन संपादनच झाली नाही आणि तलावांत गाळ साचत गेला. १९६४ मध्ये कालवे व दुर्गापूर बंधारा बंगाल सरकारकडे गेले. पूरनियंत्रणासाठी जन्मलेली संस्था हळूहळू वीज कंपनी बनली. आज तिची औष्णिक क्षमता सहा हजार मेगावॅटहून अधिक आहे, तर जलविद्युत दीडशेच्याही आत.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे तलाव उभे आहेत, त्यांचे काय? ६ डिसेंबर १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पंचेतचे उद्घाटन बुधनी मेझान या संथाळ मजूर मुलीच्या हस्ते केले. त्या समारंभात तिने नेहरूंना हार घातला, म्हणून तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले. १९६२ मध्ये तिची नोकरीही गेली. ऐंशीच्या दशकात राजीव गांधींपर्यंत गाऱ्हाणे पोहोचल्यावर ती पुन्हा कामावर घेतली गेली. २०२३ मध्ये तिचे निधन झाले. कळ दाबायला मजुराचा हात चालतो, निर्णयाच्या वेळी मात्र तो चालत नाही. बुधनीच्या आयुष्याचा अर्थ याहून वेगळा काय काढायचा?

म्हणून कॉर्पोरेशन मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांच्या सुरात कामगार चळवळीने सूर मिसळू नये. वीज केंद्रे एकाला, धरणे दुसऱ्याला अशी वाटणी झाली, तर नफ्याचा भाग विकला जाईल आणि पुराचा भाग जनतेच्या गळ्यात पडेल. आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, तेनुघाटसह सर्व तलाव एकाच नियंत्रणाखाली यावेत आणि बंगालनेही समितीत परत यावे. दोन, पुरासाठी राखलेली जागा कोणत्याही दबावाखाली भरू नये. गाळ काढण्यासाठी कायम निधी असावा. तीन, दारांवर आणि पर्जन्यमापनावर कंत्राटी नव्हे, तर कायम व प्रशिक्षित कामगार असावेत. चार, धरणग्रस्त, शेतमजूर आणि कामगार संघटना यांना समितीत मताचा अधिकार मिळावा. नवे धरण बांधायचेच असेल, तर जुन्या विस्थापितांचा हिशेब आधी चुकता व्हावा.

१९४५ मध्ये दोन प्रांत एका टेबलाशी बसू शकले. आज अडचण टेबलाची नाही. त्याभोवती श्रमणाऱ्यांची खुर्ची नाही, ही अडचण आहे. ती खुर्ची मागून मिळणार नाही, संघटित होऊन मिळवावी लागेल.