बंदिवासाच्या दिवसांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी रुदुल शाह याला निर्दोष ठरविले. बिहार सरकारच्या तुरुंगातून तो बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. या दोन तारखांच्या मध्ये पाच हजारांहून अधिक दिवस आहेत, आणि त्यांपैकी एकही दिवस शिक्षेचा नव्हता. तो वेडसर होता असा खुलासा तुरुंगाच्या बाजूने करण्यात आला. परंतु त्याला वेडसर कशाच्या आधारे ठरविले आणि त्याच्यावर उपचार कोणते केले, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये न्यायालयाने ३० हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. सरकारने आधी दिलेले ५ हजार धरले तरी दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मोकळीक न्यायालयाने सरकारला ठेवली होती. मोकळीक म्हणजे बंधन नव्हे. नागरिकाचे आयुष्य हिरावले गेले तर कोणाकडे बोट दाखवावयाचे, हा प्रश्न चाळीस वर्षांनंतरही तसाच उभा आहे.

हे प्रकरण अपवादात्मक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. त्यापूर्वी चारच वर्षे, जानेवारी १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी एका इंग्रजी दैनिकात लेख प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधारे वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. ज्या आरोपासाठी जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकली असती, तिच्याहून अधिक काळ अनेक जण खटल्याविना कोठडीत होते. काही स्त्रियांवर तर कोणताच आरोप नव्हता. त्या साक्षीदार किंवा पीडित होत्या, आणि ‘संरक्षणा’च्या नावाखाली त्यांना गजाआड ठेवले होते. त्वरित न्यायचौकशी हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीवित-स्वातंत्र्याचा भाग होय, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. हजारो कैदी सुटले.

बातमी नेहमी बाहेरूनच

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७९ मध्ये सत्य उघडकीस आले ते वृत्तपत्रामुळे. त्याच वर्षी दिल्लीच्या तिहार तुरुंगातील छळ न्यायालयाला कळला तो सुनील बत्रा या कैद्याने लिहिलेल्या पत्रामुळे. पैशासाठी एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्यावर केलेल्या अमानुष अत्याचाराची हकीकत त्यात होती. २०१३ मध्ये देशातील १३८२ तुरुंगांच्या दुःस्थितीची दखल घेतली गेली ती माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पत्रावरून. आणि तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये झाडू मारणे एका जातीकडे व स्वयंपाक दुसऱ्या जातीकडे अशी वाटणी स्वतंत्र भारतातही शिल्लक होती, हे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीने. त्या तरतुदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरल्या.

चारही वेळा बातमी बाहेरून आली किंवा भिंतीवरून चोरून बाहेर गेली. गृहखात्याच्या कोणत्याही तपासणीने ती दिली नाही. वास्तविक तपासणीची यंत्रणा नाही असे नाही. तुरुंग नियमावलीत अभ्यागत मंडळे आहेत, जिल्हा न्यायाधीश व जिल्हाधिकारी यांच्या भेटी आहेत, शेरे लिहावयाची वही आहे. न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केलेला जातीचा रकाना या सर्व अधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून वर्षानुवर्षे गेला होता. त्यांना दिसले नाही असे कोण म्हणेल? न दिसल्याबद्दल जाब द्यावा लागत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आकडे सरकारचेच आहेत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातील सुमारे ७६ जण, कच्चे कैदी होते; कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरविलेले नव्हते.

तुरुंगांतील गर्दीवर सरकारांचा ठरलेला उपाय म्हणजे नव्या तुरुंगांचे बांधकाम. त्यासाठी निविदा निघतात, कोनशिला बसतात. परंतु वरील आकड्यांची साधी वजाबाकी करून पाहावी. कच्चे कैदी वगळले तर १,३८,९१८ जण उरतात, आणि उपलब्ध जागेचा एक-तृतीयांश भागसुद्धा त्यांना पुरून उरतो. गर्दी गुन्हेगारांची नाही, निकालाची वाट पाहणाऱ्यांची आहे. ‘कैद्यांचे लाड कशाला?’ असा सवाल टाकणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे की, चारांपैकी तीन जणांवर शिक्षेचा शिक्काच नाही.

आणि ही माणसे कोण आहेत? याच अहवालांनुसार कच्च्या कैद्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश निरक्षर असतात, आणखी सुमारे चाळीस टक्के दहावीपर्यंतही पोचलेले नसतात. सुमारे दोन-तृतीयांश दलित, आदिवासी व मागासवर्गीय असतात. गुन्हेगारी ही जणू गरिबांची मिरास आहे असा निष्कर्ष यातून काढणे हा सत्ताधारी वर्गाच्या सोयीचा शोध होय. खरा निष्कर्ष असा की, ज्याच्यापाशी पैसा, वकील आणि ओळख आहे तो निकालाची वाट घरी बसून पाहतो. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही तो ती बराकीत पाहतो.

जामिनाची किंमत

१९७८ साली मोती राम या मध्य प्रदेशातील गवंडीकाम करणाऱ्या मजुराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जामीन मंजूर होता, पण दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहावयास तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वृत्तीचे वाभाडे काढले, आणि गरिबाला जातमुचलक्यावरही सोडता येते हे स्पष्ट केले.

आजही हा निर्णय खालच्या न्यायालयांत किती उतरला आहे, हे कोणत्याही स्थलांतरित मजुराला विचारावे. बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकात जातो, ओडिशाचा वीटभट्टी मजूर आंध्रात, झारखंडचा आदिवासी तरुण दिल्लीच्या बांधकामावर. त्याच्यासाठी त्या परक्या तालुक्यात सातबारा घेऊन कोण उभे राहणार? जामिनाचा हुकूम खिशात आणि माणूस मात्र आत, अशी स्थिती त्यामुळेच उद्भवते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या साहाय्याची योजना आणली. तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी जास्तीत जास्त २५ हजार. यासाठी वर्षाला तरतूद ठरली २० कोटींची. संपूर्ण रक्कम कच्च्या कैद्यांवर, आणि प्रत्येकी पूर्ण ४० हजारांप्रमाणे खर्च झाली तर ती पुरते पाच हजार माणसांना. मूळ प्रश्न मात्र त्याहून मोठा आहे. राज्याने गरिबाकडून पैसा मागावयाचा, आणि मग त्यालाच तो अनुदान म्हणून द्यावयाचा, या फेऱ्याऐवजी पैशाची अटच का काढून टाकू नये?

कायदा आहे, जबाबदार कोणीच नाही

२००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-क हे कलम आले: संभाव्य कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्यास सोडावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मुदत एक-तृतीयांश केली, आणि मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर टाकले. ही तरतूद जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले.

येथवर सर्व उत्तम. परंतु त्याच कलमाने एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्याला या लाभातून वगळले. एकाच घटनेवरून चार कलमे आणि दोन फिर्यादी लावणे पोलिसांना अवघड नसते. संपातील कामगाराला आणि जमिनीसाठी लढणाऱ्या शेतमजुराला हा अनुभव नवा नाही. दुसरे असे की, अधीक्षकाने अर्ज केलाच नाही तर काय, याबद्दल कलम मौन पाळते. कैदी केव्हा आत आला, कोणत्या कलमाखाली आला, हे तुरुंगाच्या दप्तरात लिहिलेले असते. मुदत केव्हा भरते हे काढण्यास बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. जो हिशेब राज्यापाशी तयार आहे, तो न मांडण्याचे कारण अज्ञान असू शकत नाही.

तुरुंगातील डॉक्टर, औषध, पाणी, अन्न, विनाशुल्क वकील या सार्वजनिक सेवाच होत. फरक एवढाच की, बाहेरचा नागरिक सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसेल तर कर्ज काढून दुसरीकडे जाऊ शकतो. आतल्या माणसाला दुसरा दरवाजाच नसतो. म्हणून तेथे सरकारची जबाबदारी अधिक कडक असावयास हवी. प्रत्यक्षात काय घडते ते फादर स्टॅन स्वामी यांच्या प्रकरणात देशाने पाहिले. झारखंडमध्ये कच्चे कैदी म्हणून खितपत पडलेल्या आदिवासींसाठी ज्यांनी काम केले, ते ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच कच्चे कैदी झाले. कंपवातामुळे पेला धरता येत नाही, म्हणून तळोजा तुरुंगात नळीचा पेला मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत त्यांचा मृत्यू झाला. खटला सुरूही झाला नव्हता.

काय मागावयाचे

घटनेप्रमाणे तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. म्हणून केंद्र राज्यांकडे आणि राज्ये न्यायालयांकडे बोट दाखवितात. १९७९ पासून निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली व गेली. कसोटी सर्वांना एकच लावली पाहिजे. प्रत्येक तुरुंगाने दरमहा जाहीर करावे की, कायद्याची मुदत ओलांडलेले किती जण आत आहेत आणि त्यांच्यासाठी किती अर्ज केले. अर्ज न केल्यास अधीक्षकावर व्यक्तिगत जबाबदारी यावी, आणि बेकायदा बंदिवासाच्या प्रत्येक दिवसाची भरपाई खटला न करता मिळावी. अभ्यागत मंडळांवर कामगार संघटनांचे, स्त्री संघटनांचे व वकिलांचे प्रतिनिधी असावेत, आणि त्यांनी आगाऊ वर्दी न देता जावे. गरिबासाठी जातमुचलका हा नियम व रोख जामीन हा अपवाद ठरावा. या सर्वांचा अहवाल दरवर्षी विधिमंडळात चर्चेला यावा.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. माहितीच्या अधिकारात जिल्हा तुरुंगाकडून मुदत ओलांडलेल्यांची संख्या मागविणे, ती आमदाराच्या प्रश्नाच्या रूपाने विधानसभेत नेणे, वस्तीतील ज्या घरचा कर्ता माणूस ‘तारीख पडली’ म्हणून परत आला नाही त्या घरी जाऊन विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लिहून देणे, ही कामे कोणत्याही जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येतील. १९७९ मध्ये एका वृत्तपत्राने व एका वकिलाने हजारोंची दारे उघडली. हजारो कार्यकर्त्यांनी एकाच वेळी हा हिशेब मागितला, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर देणे कोणत्याही गृहखात्याला सोपे राहणार नाही.